भिंतीजवळची पिवळी स्कूटर

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

माझा नवरा दात बनवतो. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघतात, माप घेतात, आणि ते माप ज्या लॅबमध्ये जातं तिथे हा दिवसभर दिव्याखाली बसून कवळ्या आणि खोटे दात घडवतो. काम चोख आहे, त्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण या कामाने त्याची नजर बिघडली ती बिघडलीच. माणूस भेटला की हा त्याच्या डोळ्यांत बघत नाही, दातांत बघतो. आमची पहिली भेट झाली तेव्हा माझा डावीकडचा पुढचा दात शेजारच्या दातावर किती चढलाय ते त्याने निरखून घेतलं आणि मोठ्या मनाने म्हणाला, "राहू दे, चांगला दिसतो." जसं काही मी तो उपटून टाकायला निघाले होते.

हे झालं पोटापाण्याचं काम. याचं खरं काम संध्याकाळी सुरू होतं आणि ते फुकटचं आहे.

संगणकावर विमान उडवायचा एक खेळ असतो. त्याला खेळ म्हटलं की हा चिडतो, सिम्युलेटर म्हणायचं. तो बनवणाऱ्या कंपनीने जगातले मोठमोठे विमानतळ त्यात नीट करून ठेवलेत, पण आडगावच्या विमानतळांच्या जागी नुसती हिरवी जमीन आणि एक करडी पट्टी. मग ती रिकामी जागा भरायला हौशी लोक सरसावतात. कुणी एखादं जुनं विमान स्क्रूसकट तयार करतो, कुणी आपल्या गावचा विमानतळ खोली-खोलीने, झाडा-झाडाने उभा करतो आणि त्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर ठेवून देतो. बाकीच्यांनी तो उतरवून घ्यायचा आणि आपल्या विमानाने तिथे उतरायचं. कुणी बोलावलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. पण एकेकाचा तोरा असा की याच्यावाचून आभाळ खाली येईल.

फोरमवर सगळे एकमेकांना कॅप्टन म्हणतात. त्यातला एक औषधाच्या दुकानात आहे, एक टायरची पंक्चरं काढतो, एक विम्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन घरी बसलाय. "काय कॅप्टन, आज वारा कसा होता?" "आडवा होता कॅप्टन, पण उतरलो." उतरला कुठे, तर घरच्या खुर्चीत, बनियनवर. एका कॅप्टनने जुन्या मालवाहू विमानाची केबिन केली, तेव्हा वैमानिकाच्या हाताशी असलेल्या सिगारेटच्या राखेच्या डबीचं झाकण डावीकडे उघडतं की उजवीकडे, यावर या लोकांनी महिनाभर आकाशपाताळ एक केलं. दोघं फोरम सोडून गेले. आठवड्याभरात परतही आले, कारण जाणार कुठे?

या दरबारात माझ्या नवऱ्याचं नाव नीलपंख. जो माणूस जिन्यावरचा बल्ब बदलायला स्टुलावर चढत नाही, तो नीलपंख.

नीलपंखाने आमच्या गावाबाहेरचा विमानतळ बनवायला घेतला. छोटासाच आहे. सकाळी एक विमान येतं, दुपारी एक. दोन खोल्यांची इमारत, पाण्याच्या टाकीएवढा मनोरा, आगीचा एक लाल बंब आणि त्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. संपला विमानतळ. पण याने त्यात दोन वर्षं जीव ओतला. गटारांवरची लोखंडी झाकणं मोजली. कुंपणाची कुठली तार सैल आहे ते शोधलं. आणि हे सगळं कशावरून? उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांवरून आणि लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून. घरापासून बसने अर्धा तास लागत नाही, पण हा एकदाही तिथे गेला नाही.

मी म्हटलं, "अहो, एकदा जाऊन बघून या की."

"तिथे जाऊन काय दिसणार?" तो म्हणाला. "माणसाच्या उंचीवरून काही कळत नाही."

एक दिवस चहा द्यायला गेले तर पडद्यावर माझी स्कूटर दिसली. माझीच. पिवळी, पुढचं मडगार्ड तडकलेलं, त्यावर मी हिरवी चिकटपट्टी लावलेली. बंबाच्या शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. दुपारचं ऊन दाखवलं होतं आणि भिंतीची सावली बरोबर स्कूटरवर पडली होती. खोटं कशाला बोलू, मला आत कुठेतरी गोड वाटलं. इतक्या वर्षांनी या माणसाला आपली आठवण झाली, विमानतळावर का होईना.

"ही माझी ना?" मी विचारलं.

"हं? हो. ती खूण आहे."

"कसली खूण?"

"चोर पकडायची. मागे माझी शेड एकाने उचलली होती ना, आठवतं? आता प्रत्येकजण अशी एक खोटी वस्तू कुठेतरी ठेवून देतो. खऱ्या जागी नसलेली. कुणी आपलं काम चोरलं की ती वस्तूही त्याच्याकडे जाते. मग सापडतोच." तो स्वतःवर खूश होऊन हसला. "खऱ्या विमानतळावर बंबाच्या भिंतीला स्कूटर लावणारा मूर्ख कोण असणार?"

चहाचा कप मी जरा जोरातच ठेवला. त्याला तेही कळलं नाही.

पुढे मी काम करत होते ते चष्म्याचं दुकान बंद पडलं. थोडे दिवस घरी बसले, मग विमानतळावरच्या माल-खिडकीत जागा आहे असं कळलं आणि ती मला मिळाली. विमानाने जायचा छोटा माल तिथे येतो. औषधांची खोकी, यंत्राचे सुटे भाग, फुलांच्या पेट्या, कधी भोकं पाडलेल्या खोक्यात चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं. वजन करायचं, चिठ्ठी लावायची, पावती द्यायची. काम मला आवडलं. राखाडी कोट मिळाला, गळ्यात लटकवायचं ओळखपत्र मिळालं. विमान आलं की पंख्याच्या वाऱ्याने माझ्या वेणीचा पार झाडू व्हायचा, म्हणून केस मानेपर्यंत कापून टाकले. चिठ्ठ्यांवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा घेतला.

कर्मचाऱ्यांच्या गाड्या लावायची जागा भर उन्हात होती. दुपारी सीटवर बसलं की चटका बसायचा. तेव्हा मला नवऱ्याच्या पडद्यावरची ती सावली आठवली. जाऊन पाहिलं तर खरंच तिथेच, तेवढीच सावली. बंबवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "दाराच्या आड येत नसेल तर खुशाल लाव बाई. कुठून शोधून काढलीस ही जागा? इतकी वर्षं मी इथे आहे, मला सुचलं नाही."

अशी मी ती मूर्ख झाले, जी बंबाच्या भिंतीला स्कूटर लावते.

आता कुणी म्हणेल, नवऱ्याला सांगितलं नाही का? सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कानावर हेडफोन होते. त्याने अंगठा वर केला. दुसऱ्यांदा जेवताना सांगितलं. "मी विमानतळावर कामाला लागले," इतकं सरळ. तो म्हणाला, "छान, छान," आणि भाजी वाढून घेतली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "विमानतळ? मनोऱ्याच्या काचेचा रंग अजून जमत नाही गं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी ठरवलं, आता याला आपणहून कळेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बायको कुठे जाते, काय करते, दिसते कशी, हे ज्याला विचारावंसं वाटत नाही त्याच्यासमोर चौथ्यांदा तोंड उघडायला मी काय भिकारीण आहे?

सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसतात आणि घरातलं त्यांच्यापासून काही सुटत नाही. "लहानपणी याला जेवायला बोलवायचं तर ताटलीवर चमचा बडवावा लागायचा," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार त्याला. मलाही बघायचंय."

मग आम्ही दोघी बघत राहिलो. तो सकाळी माझ्या आधी बाहेर पडायचा, संध्याकाळी माझ्यानंतर यायचा. दाराजवळच्या खुंटीवर माझा राखाडी कोट टांगलेला असायचा, ओळखपत्रासकट. हा घरी यायचा आणि आपला शर्ट त्याच कोटावर टांगायचा. कोटाला माझा फोटो लटकतोय, हा शर्ट टांगतोय. सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि रेडिओचा आवाज वाढवायच्या. केस कापून आले त्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या पडद्याशेजारी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "जरा सरक, उजेड अडतोय." सुरुवातीला मला गंमत वाटत होती. मग वाटेनाशी झाली. जिवंत माणसाला घरात असं विरून जाताना काय वाटतं ते मी सांगून कुणाला पटायचं नाही, पण वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

एकदा दुपारी खिडकीवर एक टकला, सडपातळ गृहस्थ आला. खांद्यावर झोळी, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं पार्सल आहे. तो म्हणाला, "बाई, मी साहेबांची परवानगी घेतलीय. इथले थोडे फोटो काढतोय. त्या शेडच्या फोटोत एक पिवळी स्कूटर येतेय, ती कुणाची आहे? त्यांना चालेल का, विचारायचं होतं."

"माझी आहे. काढा," मी म्हटलं. "कशाला हवेत फोटो?"

"एक हौस आहे," तो लाजून म्हणाला. "आणि या खिडकीचाही काढला तर? तुम्ही दिसाल थोड्याशा."

मी म्हटलं काढा. त्याने काढला, आभार मानले, बाहेर बाकावर बसून चहा प्यायला आणि कप जागेवर ठेवून गेला. मी त्याला विसरून गेले.

फोरमवर दरवर्षी एक निवड होते. सगळ्यांनी केलेल्या विमानतळांमधून एक निवडतात आणि तो सगळ्यांच्या संग्रहात कायमचा जातो. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, नुसतं नाव. पण त्या नावासाठी हा वर्षभर डोळ्यांत तेल घालून बसला होता. आणि ऐन वेळी घुबड नावाच्या कुणा कॅप्टनने आमच्याच गावचा विमानतळ करून पुढे ठेवला.

त्या संध्याकाळी मी भांडी पुसत होते. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आरोळी. "सापडला! सापडला चोर!"

मी धावत गेले. हा पडद्यासमोर नाचत होता. घुबडाच्या विमानतळावर, बंबाच्या भिंतीला टेकून, माझी पिवळी स्कूटर उभी होती. मडगार्डवर हिरवी चिकटपट्टी होती.

"बघितलंस? बघितलंस? चिकटपट्टीसुद्धा सोडली नाही हरामखोराने!"

मी बघितलं. आणि तो झोळीवाला गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याच क्षणी सांगता आलं असतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण हा माझ्याकडे बघतच नव्हता, पडद्याकडे बोट दाखवून पडद्याशीच बोलत होता. मी जाऊन उरलेली भांडी पुसली.

नीलपंखाने मग फोरमवर जे लिहिलं ते मी वाचलं. लग्नानंतर त्याने मला चार ओळी लिहिल्या नाहीत, इथे चार पानं लिहिली. "ज्या समाजात श्रमाची चोरी होते." "केसाने गळा कापला." "दोन वर्षांच्या तपश्चर्येवर दरोडा." खाली कॅप्टन मंडळी हळहळली. पंक्चरवाल्या कॅप्टनने घुबडाला हाकलून द्यायची मागणी केली. औषधवाले कॅप्टन म्हणाले, मला आधीपासूनच संशय होता. कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

घुबडाने उत्तरात फक्त एक फोटो टाकला. शेड, भिंत, सावली आणि स्कूटर. खाली एक ओळ होती, "मी तिथे गेलो होतो. ती तिथेच असते."

माझा नवरा ऐकेल तर शपथ. फोटो बनावट आहे म्हणाला. सावलीचा कोन मोजला, चाकाचा गोल मोजला. शेवटी फोरमचे चालक, तेच ते विम्याचे निवृत्त कॅप्टन, त्यांनी निकाल दिला. नीलपंख त्याच गावात राहतात, त्यांनी स्वतः जाऊन त्या भिंतीचा आजचा फोटो आणावा. स्कूटर नसली तर घुबड बाद. असली तर नीलपंखांनी जाहीर माफी मागावी.

"जातो," नवरा मला म्हणाला. म्हणजे हवेत म्हणाला, मी मध्ये उभी होते. "अर्धी रजा टाकतो आणि जातो. मोकळी भिंत दाखवतो सगळ्यांना."

माझ्या आजारपणात या माणसाने कधी अर्धी रजा टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून त्याला फाटकातून आत येताना पाहिलं. गळ्यात कॅमेरा, हातात मोजपट्टी. आल्या आल्या त्याला आधी गटाराची झाकणं दिसली. तो थांबला, बोटाने मोजली आणि मान डोलावली. कुंपणाची सैल तार हलवून बघितली, खूश झाला. मनोऱ्याच्या काचेकडे बघून जरा नाक मुरडलं. मग शेडकडे वळला आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले.

स्कूटरभोवती त्याने एक चक्कर मारली. वाकून चिकटपट्टीवर बोट फिरवलं. नंबर वाचला. बंबवाले काका दारात उभे राहून बघत होते, ते म्हणाले, "काही हवंय का साहेब? ती आमच्या माल-खिडकीतल्या बाईंची आहे."

तो वळला. काचेपलीकडे मी होते.

आता येईल, मला वाटलं. आता विचारेल, तू इथे कशी? कधीपासून? मला कसं नाही सांगितलंस? मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, थोडी तिखट आणि मग थोडी गोड. रांगेत पिल्लांचं खोकं घेतलेला एक माणूस होता, त्याच्या बाजूने हा खिडकीपाशी आला.

"ही स्कूटर तू इथे लावतेस?" त्याने विचारलं.

"हो. कामाला येते ना मी."

"रोज?"

"रोज."

"अगदी त्याच जागी?"

"तिथे सावली असते. तुमच्याच चित्रात पाहिली होती."

"कधीपासून?"

ही ती वेळ होती. मी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "चष्म्याचं दुकान बंद झालं ना, त्यानंतर महिन्याभरात लागले. तेव्हापासून."

त्याने बोटं मोजली. खरंच मोजली, काचेसमोर उभं राहून. "म्हणजे त्याच्या फोटोच्या आधीपासून," तो पुटपुटला. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "ऐक ना. जरा पाच मिनिटं ती तिथून काढतेस का?"

"का?"

"मोकळ्या भिंतीचा फोटो घ्यायचाय."

खोक्यातली पिल्लं चिवचिवत होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. मोठ्याने ओरडावं असं वाटत होतं, पण अंगावर कोट होता.

"वजन करायचं असेल तर काट्यावर ठेवा," मी म्हटलं, "नाहीतर बाजूला व्हा. मागे लोक उभे आहेत."

तो बाजूला झाला. थोडा वेळ बाकावर बसला, तिथेच, जिथे घुबड बसून चहा प्यायला होता. मग उठला आणि बस पकडून निघून गेला. बंबवाले काका खिडकीशी आले. "कोण होते गं? ओळखीचे?" त्यांनी विचारलं.

"दातवाले," मी म्हटलं.

घरी मी वाट बघितली. जेवण झालं, ताटं उचलली. एक शब्द नाही. सासूबाई दोनदा मुद्दाम खोकल्या. तो उठून आत गेला आणि टाइप करत बसला. माफीनामा होता. "खूण म्हणून ठेवलेली वस्तू प्रत्यक्षातही त्याच जागी असल्याचे पाहणीत आढळले. कॅप्टन घुबड यांची मी क्षमा मागतो." मी पाहणीत आढळले! लग्नाची बायको पाहणीत आढळली, आणि तीसुद्धा वस्तू म्हणून. माझं तर नावच नाही, आढळली ती स्कूटर. घुबडाने मोठ्या मनाने लिहिलं की गैरसमज होतात, तुमची झाकणं माझ्यापेक्षा चांगली आहेत. चालकांनी दोघांनाही आपापला विमानतळ सुधारून आणायला मुदत दिली.

पुढचे काही दिवस हा माझ्याकडे चोरून बघायचा आणि मी बघितलं की नजर वळवायचा. काहीतरी शिजत होतं. मग त्याने नवा विमानतळ फोरमवर ठेवला आणि बदलांमध्ये लिहिलं, "स्कूटर आता खूण नाही. माल-खिडकीत कर्मचारी बसवली आहे."

तो लॅबला गेल्यावर मी संगणकासमोर बसले. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मला त्या खेळातलं फारसं येत नाही, पण जवळ कसं जायचं ते येतं. इमारत मोठी झाली, खिडकी मोठी झाली. आत एक बाई बसली होती. हसत होती. मी अजून जवळ गेले. डावीकडचा पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला होता. तंतोतंत, केसभरही फरक नाही. कुठल्याही विमानातून, कुठल्याही उंचीवरून कुणाला कधी दिसणार नाही असा तो दात त्याने घडवला होता, आणि तो माझाच होता. मी पडद्यावर त्या दातावर बोट ठेवलं.

सासूबाई म्हणाल्या, "आणि ही वेणी कुणाची?"

बाईला कमरेपर्यंत वेणी होती. चष्मा नव्हता. अंगात निळा झगा होता, ज्याची मी कधीच फाडून पायपुसणी केली होती. दात सोडला तर ती कोण बाई होती मला माहीत नाही. असेन मी कधीतरी, जेव्हा त्याने शेवटचं बघितलं तेव्हा. मी बोट काढून घेतलं आणि मला हसू आलं, चांगलं नव्हे तसलं हसू. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्या मुलाला एक कचकचीत शिवी दिली.

फोरमवर वाहवा झाली. "खिडकीतल्या बाई अगदी जिवंत वाटतात, कॅप्टन!"

रविवारी सकाळी तो पडद्यासमोर होता. मला दुपारच्या विमानासाठी निघायचं होतं, मी किल्ली शोधत त्याच्या मागून गेले. घुबडाचा निरोप आला होता, सोबत माझ्या खिडकीचा फोटो.

"काम उत्तम आहे. फक्त एक लहानशी दुरुस्ती. खिडकीतल्या बाईंचे केस मानेपर्यंत आहेत, चष्मा आहे आणि कोट राखाडी आहे. फोटो जोडला आहे. भल्या बाई आहेत, बरोबर दाखवाव्यात असं वाटलं."

नवऱ्याने फोटो मोठा केला. पुढे वाकला. उत्तर टाइप केलं, "लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे कॅप्टन, लगेच दुरुस्त करतो." मग त्याचा हात थांबला. हेडफोन काढून त्याने गळ्यात अडकवले आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. खोटा दात तोंडातल्या बाकीच्या दातांशी जुळतो का हे बघताना तो असाच बघतो. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो नुसता दात बघत नव्हता.

"केस कधी कापलेस गं?" त्याने विचारलं.

पुढच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. ज्या प्रश्नासाठी मी इतकी वाट बघितली तो हा, आणि तोही घुबडाच्या सांगण्यावरून. डोळे भरून आले याचाच मला राग आला.

"फोरमवर विचारा," मी म्हटलं, आणि खुंटीवरून कोट ओढला. त्याच्यावर टांगलेला शर्ट खाली पडला. तो मी पडू दिला.